कारवारच्या गाळाच्या बाटल्या

आमच्या वडगावच्या घरातली मागची खोली माझी होती. तिथं फळ्यांवर कारवारच्या समुद्रतळाचा गाळ होता, फॉर्मालीन घातलेल्या बाटल्यांत. विद्यापीठातले माझे संशोधनाचे मार्गदर्शक निवृत्त झाल्यावर नव्या विभागप्रमुखांनी बजावलं होतं, "ही घाण हलवा, नाहीतर फेकून देतो." म्हणून मी सगळं बेळगावला, घरी आणलं.

दरवर्षी पावसाळा सरला की मी होडीनं त्याच जागी जायची, तळाचा गाळ काढून आणायची आणि त्यातले जीव मोजायची. समुद्र फार तापला त्या वर्षी तळाशी प्राणवायू कमी पडला. शिंपले, तारामासे मेले आणि केसाएवढ्या किड्यांचं राज्य आलं. पुढं शिंपल्यांची पिल्लं पुन्हा दिसू लागली. ती जगली का, हे त्यानंतरच्या बाटल्या सांगणार होत्या. त्या मोजायच्या राहिल्या होत्या.

घरात कापड विणायचे यंत्रमाग होते, आणि थोरल्या भावाला त्या खोलीत आणखी एक माग बसवायचा होता. मी कारवारहून परतले तर खोलीत माग खडखडत होता.

"आण्णा, बाटल्या कुठं हाईत?" मी ओरडले.

"वतलं गटारात. चिखलच न्हवं त्यो? बाटल्या भंगारवाल्याला दिल्या."

"माझी इतकी वर्षं हुती त्यात!"

"लगीन केलं असतंस तर वर्षं कामाला आली असती गं."

वहिनी दारात उभी राहून हसली. मी मागाचं बटण बंद केलं. त्यानं चालू केलं. मी पुन्हा बंद केलं, तेव्हा त्यानं दंड धरून मला उंबऱ्याबाहेर लोटलं. आई पलीकडं मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

त्याच आठवड्यात मी बेळगावबाहेर पिरनवाडीला भाड्याची खोली घेतली. अजून दरवर्षी कारवारला जाते. आता पुन्हा किडेच जास्त सापडतात. मधल्या वर्षांत शिंपले सावरले होते की तेव्हाच संपले, असं एका परिषदेत कुणीतरी विचारलं. "माहीत नाही," एवढंच मला म्हणता आलं. तळ एका वर्षात बोलत नाही, आणि गेलेलं वर्ष कुणालाच पुन्हा उपसून आणता येत नाही.

यंदा गणपतीला आण्णाचा निरोप आला, "लई झालं, राग सोड आन् जेवायला ये."

मी गेले नाही. मला तो राग सोडायचा नाही.