एकाच बटणात बठ्ठं

गिऱ्हाईक टीव्ही घ्यायला एकदाच येतं, रिमोटसाठी मात्र पुन्हा पुन्हा येतं. आणि येताना घरातलं काही ना काही सांगून जातं. नव्वदीच्या दशकात मी जळगावात अशाच एका दुकानाच्या काउंटरला होते. मालक नाना, दुरुस्तीला रशीदभाई आणि मी, असे तिघेच. अजूनही आम्ही भेटलो की चहा गार होतो, पण किस्से काही संपत नाहीत.

*

युनिव्हर्सल रिमोट दुकानात आला तेव्हा नानांना त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांचा नियम साधा होता: बटणं जास्त, माल भारी. एका भाऊंना ते समजावून सांगत होते की टीव्ही, व्हीसीआर, सगळ्याला हा एकच पुरतो. बोलता बोलता त्यांनी एक बटण दाबलं, तर मांडलेले एकाच कंपनीचे सातही टीव्ही बंद. बाहेर काचेला नाक लावून मॅच बघणाऱ्यांनी आरडाओरडा केला.

नाना जराही बिचकले नाहीत. "पाहिलंत? एकाच बटणात बठ्ठं बंद."

भाऊ म्हणाले, "आम्ही घरात चार भाऊ. हाच द्या."

*

एरंडोलकडचे एक शेतकरी आठवड्यात तीनदा आले. रिमोट चालत नाही म्हणायचे. रशीदभाई पिशवीतून काढून बघायचे, तर व्यवस्थित चालायचा. शेवटी रशीदभाई स्वतःच त्यांच्या घरी गेले.

तिथे कळलं, की घरी रिमोटला मखमलीचा अभ्रा होता. अक्कांनी म्हणजे त्यांच्या आईने शिवलेला. बटणांवर पारदर्शक प्लास्टिक, बाकी सगळीकडून मखमल. पुढचं तोंडही बंद. दुकानात आणताना अक्का तो काढून ठेवायच्या, मळू नये म्हणून.

रशीदभाईंनी कात्री मागितली, तर अक्का देईनात. "नवी वस्तू शे ती," एवढंच म्हणत राहिल्या. मग रशीदभाई हळूच म्हणाले, "अक्का, तुम्ही त्याचे डोळे झाकलेत."

 मग अक्कांनीच कात्री घेतली, पुढे एक गोल कापला आणि सदऱ्याचं काज करतात तसा त्याला रेशमाने सुबक टाका घातला. रशीदभाई तो अभ्रा नानांना दाखवायला घेऊन आले. त्यानंतर आमच्या दुकानातला प्रत्येक रिमोट अक्कांच्या अभ्र्यातूनच गेला.

*

पिंप्राळ्यातल्या एका कॉलनीत समोरासमोरच्या दोन घरांत पाण्याच्या पाइपवरून अबोला होता. दोन्हीकडे एकाच कंपनीचा टीव्ही, आणि दोघांनी रिमोट आमच्याकडूनच घेतलेला. उन्हाळ्यात खिडक्या सताड उघड्या. यांनी बातम्या लावल्या की त्यांची मालिका जायची, त्यांनी मालिका लावली की यांच्या बातम्या जायच्या. दोघांची आमच्याकडे वेगवेगळी तक्रार आली.

रशीदभाईंनी जाऊन पाहिलं आणि पडदा लावा म्हणून सांगितलं. पण आधी पडदा कोण लावणार? कुणीच लावेना.

महिन्याभराने दोघे दुकानात आले. एकाच स्कूटरवरून. आमच्या मालाला नावं ठेवण्यावर त्यांचं संपूर्ण एकमत झालं होतं.

*

धुळ्याच्या आबांचं मात्र मी कुणालाही सांगते. ते निवृत्त हेडमास्तर. लकवा झाला, उजवा हात गेला आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण जीभ वळायची नाही. डाव्या हाताने पाटीवर लिहायला गेले, तर ते अक्षर त्यांनाच लागेना. जन्मभर मुलांचं अक्षर सुधारलेला माणूस. त्यांनी पाटी भिरकावून दिली.

त्यांची मुलगी सुनंदा जळगावात दिलेली. ती आमच्याकडे आली. डाव्या हाताने चालेल असा रिमोट हवा होता, निदान टीव्ही तरी त्यांच्या मनासारखा लागेल म्हणून. नानांनी होते नव्हते ते सगळे रिमोट काढले. ती एकेक घेऊन डाव्या अंगठ्याने दाबून बघायची आणि मान हलवून खाली ठेवायची. बटणं फार बारीक होती.

रशीदभाई इतका वेळ ऐकत होते. ते आत गेले आणि टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेम घेऊन आले. त्याला टाइपरायटरसारखा कीबोर्ड होता. अक्षरं मोठी, इंग्रजी. दाबलं की टीव्हीवर उमटायची.

"हा चॅनल बदलणार नाही," ते म्हणाले. "पण बघा तर."

दुसऱ्या दिवशी सुनंदा, रशीदभाई आणि मी एसटीने धुळ्याला गेलो. आबा बराच वेळ कीबोर्डकडे बघत राहिले. मग डाव्या हाताचं एक बोट पुढे आलं. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत, त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं: "सुनंदा, तू वाळलीस."

सुनंदा उठून मोरीत गेली.

आबांच्या पत्नी माई मला विचारत होत्या, काय लिहिलं, काय लिहिलं. त्यांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती. मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता यांचं बोलणं मी दुसऱ्याकडून ऐकायचं का?"

आबांनी ते ऐकलं. पडद्यावर इंग्रजीतलं पहिलं अक्षर 'ए' काढलं आणि माईंकडे बघितलं.

चार महिन्यांनी रशीदभाई आणि मी कीबोर्डची वायर बदलायला गेलो. वायर लागली, टीव्ही सुरू झाला. आबांनी लिहिलं, "चहा."

माई शेजारीच बसल्या होत्या. त्यांचा आवाज खणखणीत होता, तोंडाने सांगता आलं असतं. पण त्यांनी चष्मा लावला, कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं, "बिनसाखरेचा."