खाडी नव्हतीच म्हणणाऱ्याला जयवंतीचं उत्तर

जयवंती म्हात्रे माझ्या टेबलाशी आली ती खुर्ची ओढतच. "मना पायथन शिकव," म्हणाली. ओळख ना पाळख. महापेतल्या आमच्या कंपनीत ती नकाशे आखायची, मी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहायचे. कशाला शिकायचंय, विचारलं तर थंडपणे म्हणाली, "एका मानसाला रस्त्यावर आनायचाय."

तो माणूस म्हणजे तळवलीजवळ खाडीकाठी टॉवर बांधणारा बिल्डर. जयवंतीचे वडील त्या खाडीत जाळं टाकायचे. बिल्डरने डेब्रिज ओतून काठ बुजवायला घेतला तेव्हा ते डंपरसमोर उभे राहिले. त्याने गावादेखत त्यांच्या कानफटात मारली आणि त्यांच्या होडीवर जेसीबी घातला. पुढे गावाच्या तक्रारीवरच्या सुनावणीत बेधडक सांगितलं, की तिथे खाडी कधी नव्हतीच. वडिलांनी अंथरूण धरलं, ते उठलेच नाहीत.

"मारला त्याचा हिशोब येगला," जयवंती म्हणायची. "पन खाडी नव्हती म्हनाला ना, त्ये त्याच्या घशात घालनार."

किनाऱ्याचे जुने-नवे नकाशे सरकारी खात्याने इंटरनेटवर टाकले होते. पण ते एक्सएमएल फायलींत. हजारो फायली, आणि प्रत्येकीत टॅगांच्या, म्हणजे कंसातल्या खुणांच्या, रानात कुठेतरी काठाचे अक्षांश-रेखांश. हाताने वेचायचे तर जन्म गेला असता. म्हणून जेवणाच्या सुट्टीत आम्ही ते वेचणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, लिहायला बसायचो. तिच्या डब्यातल्या सुकटीच्या वासाने शेजारचे उठून जायचे. तिला त्याची फिकीर नव्हती.

पहिल्यांदा स्क्रिप्ट चालवली तर हाती काहीच लागलं नाही. तिने बिल्डरच्या नावाने एक सणसणीत शिवी हासडली. मी समजावलं, "अगं, या फायलीत प्रत्येक टॅगला आडनाव आहे. आडनावासकट हाक मारलीस तरच तो ओ देईल."

"आमच्या गावासारकाच म्हन की," ती म्हणाली, आणि दुरुस्ती करून पुन्हा बटण दाबलं. स्क्रीनवर आकडे धबाधबा उतरू लागले. ती हसली. तसं हसू मी तिच्या तोंडावर तोवर पाहिलं नव्हतं. मला जरा भीतीच वाटली.

ते बिंदू तिने नकाशावर चढवले. एकेका वर्षाची रेघ उमटत गेली. भराव पडण्यापूर्वीच्या सगळ्या रेघांत टॉवरच्या जागी पाणी होतं. हे बिल्डरच्या कानावर गेल्यावर त्याने तिच्या आईसाठी नेरूळला फ्लॅट देऊ केला. आई म्हणाली, "घे पोरी, बापूस काय परत येनार नाय." जयवंतीने निरोप्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

पुढच्या सुनावणीत रेघांवर रेघा पडद्यावर आल्या तेव्हा बिल्डरच्या वकिलाने पाणी मागितलं. बांधकाम पाडून भराव उपसण्याचा आदेश निघाला. फ्लॅट बुक केलेली माणसं बिल्डरच्या ऑफिसात घुसली.

भराव काढताना जयवंती रजा टाकून बघायला गेली. मीही होते. बिल्डर गाडीत काच वर करून बसला होता. खड्ड्यात भरतीचं पाणी शिरलं तशी ती गाडीपाशी गेली आणि काचेवर बोटांनी टकटक केली. "शेट, उतरा खाली. पाय भिजतान का बगा."

तो उतरला नाही. मान वळवली, आणि गाडी निघून गेली.

परतताना मी विचारलं, "झालं समाधान?"

"नाय," ती म्हणाली. "पन आता त्याला झोप नाय लागनार. तेवरा मना पुरे."

पुढे तिने नोकरी सोडली. जाताना माझ्याकडून स्क्रिप्टची प्रत मागून घेतली. उरणकडच्या एका गावाची खाडी बुजवत होते.