हळदीतला हिरा
ओल्या हळदीचा वास आला, की मी मांडवगणच्या आमच्या अंगणात जाऊन बसते. साखरपुड्यात सासूबाईंनी त्यांच्या आईचा जुना हिरा, अंगठीत दोन्ही बाजूंना गर्द निळे खडे बसवून, माझ्या बोटात घातला होता. आत्या सगळ्यांदेखत म्हणाली होती, "हिरा पिवळट हाय." सासूबाई पदराचं टोक तेवढं बोटाला गुंडाळत राहिल्या होत्या. हळदीच्या दिवशी सासरच्या राहू गावाहून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन त्या स्वतः आल्या. कोवळं ऊन, बायकांची संथ गाणी, उसातून येणारा गार वारा आणि माझ्या हातांवरून सरकणारी आत्याची बोटं. हळदीत निळे खडे पार बुडाले आणि त्या पिवळ्यात मधला हिरा ज्वारीच्या लाहीसारखा पांढरा उमलला. आत्याचा हात थांबला. "विहीणबाई, तवा पिवळा कसा वो दिसला?" सासूबाई हसल्या. "निळ्याच्या शेजारी पिवळाच दिसायचा. आता हळदीत बसलाय." आता सासूबाई नाहीत. कुणाला हळद लावायची असली, की बायका म्हणतात, अंगठी काढून ठेवा, खराब होईल. मी ती मुद्दाम खोल बुडवते.