साहेब माझ्या मातीला आले

चहा घ्या, पण तोंडातला घोट आधी गिळून टाका. मागच्या खेपेला हाच किस्सा सांगताना आमच्या व्याह्यांनी बशीभर चहा माझ्या धोतरावर उडवला होता. चुका कुणाच्या हातून होत नाहीत? पण आपल्या साहेबाला आपल्याच तिरडीला खांदा द्यायला लावणारा गाढव अख्ख्या कोल्हापुरात मी एकटाच!

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी एका कचेरीत कारकून होतो, आणि जुनी मोडीतली दफ्तरं बाळबोधीत उतरवून काढायचं काम माझ्या माथी आलं होतं. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा, नुसती मोडी! एक दिवस जेवताना ताटातल्या शेवया मला मोडीत लिहिल्यासारख्या दिसायला लागल्या, आणि मी त्या मोठ्यानं वाचायला लागलो.

बायकोनं हातातली पळी टाकली आणि मला वैद्याकडं नेलं. वैद्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले.

"डोकं शिणलंय. चार दिवस रजा काढा आणि मनाला आवडतं ते करा."

सांगायला काय जातंय! त्या काळी ताप आला तर रजा मिळायची, पाय मोडला तर मिळायची. डोकं शिणलं म्हणून रजा कुणी ऐकली होती? तरी छातीचा कोट करून साहेबांपुढं उभा राहिलो. आमचे इंगवलेसाहेब म्हणजे सहा फूट उंची, भरघोस मिशा, आणि कचेरीत बोलले की रस्त्यावरचा टांगेवाला दचकायचा.

"डोकं शिणलं?" साहेब कडाडले. "आरं, ते वापरलंस कवा? आणि ऐकून ठेव म्हादबा, घरात कोण मेल्याबिगर पुन्यांदा रजा मागाय आलास, तर कायमचा घरी बसवीन!"

खाली मान घालून परत आलो. नोकरी गेली तर खायचं काय? पण बघा हं, माणसाचं शिणलेलं डोकंसुद्धा नको तिथं किती चालतं. साहेबांनी स्वतःच वाट दाखवली होती की! घरात कोण मेल्याबिगर.

आता मनाला आवडतं ते काय, हे सांगायचं राहिलं. मला सिनेमाचा नाद. बघायचा नव्हे, सिनेमात दिसायचा! सुट्टीच्या दिवशी मी एका स्टुडिओच्या फाटकाशी भांग पाडून उभा राहायचो. दोन वर्षं उभा होतो. आणि नेमका त्याच आठवड्यात डायरेक्टरांनी मला बोट करून आत बोलावलं, खालून वर बघितलं आणि म्हणाले, "ह्यो बरा हाय. चौघांना उचलाय हलका, आणि तोंड आधीच मेल्यागत हाय."

काम प्रेताचं होतं. बुधवारी सकाळी दहाला, पंचगंगेच्या घाटावर.

तुम्ही हसताय, पण मला आभाळ ठेंगणं झालं. घरी आलो तर बायको विचारते, "कसलं काम मिळालं वो?"

प्रेताचं म्हणून कसं सांगणार? कपाळाला कुंकू लावणारी ती!

"मोठं काम हाय. चौघं मला खांद्यावर घेत्यात. गुलाल उधळत्यात, गळ्यात हार. मागनं ही गर्दी!"

"अगं बाई! कुस्ती मारताय व्हय तुम्ही?" म्हणत तिनं माझ्यावरनं मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या.

राहिला रजेचा अर्ज. मला चुलता नाही, कधी नव्हताच. तेव्हा मारायला तोच बरा, कुणाचं वाईट चिंतल्याचं पाप नाही. बुधवारी पहाटे अर्ज लिहिला, "माझे चुलते अकस्मात वारले." एवढ्यावर थांबायचं की नाही? पण कारकुनाचा हात! अर्ज कसा पूर्ण पाहिजे. शिवाय शहाणपणा असा सुचला, की घाटावर आपल्याला कुणी बघितलंच तर आधीच लिहिलेलं बरं. म्हणून पुढं लिहिलं, "सकाळी दहा वाजता पंचगंगेवर नेणार आहेत." खाली झोकदार सही केली आणि अर्ज गल्लीतल्या आमच्या कचेरीच्या शिपायाकडं देऊन मोकळा झालो.

आता मला सांगा, कोल्हापुरात जन्म काढलेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट कळू नये? आमच्याकडं लग्नाला नाही गेलं तर आहेर पाठवून भागतं. पण मातीला? मातीला माणूस हातातलं औत सोडून जातो. वैऱ्याच्यासुद्धा मातीला जायचं, ही इथली रीत. आणि मी तर साहेबांना ठिकाण, वेळ सगळं लिहून दिलेलं!

घाटावर मला तिरडीवर बांधलं. पांढरं कापड, हार, तोंडाला पीठ फासलेलं. डायरेक्टरांनी कानाशी येऊन सांगितलं, "आवाज मागनं स्टुडिओत भरायचा हाय, कोण काय बी बोलू दे. पर तू हललास तर हिथंच खरा पोचवीन." क्यामेरा खाली, पाण्याजवळच्या देवळाच्या आडोशाला होता. वरनं येणाऱ्याला दिसायची फक्त तिरडी आणि पाठमोरी माणसं.

मी डोळे मिटले. चौघांनी उचललं. खरं सांगतो, इतका आराम मला सहा महिन्यांत मिळाला नव्हता. ना मोडी, ना साहेब. गार वारा सुटलेला, चौघं आपल्याला हळूहळू झुलवत नेताहेत. मरणात एवढं सुख असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात वरच्या पायरीवरनं आवाज आला.

"आरं, म्हादबा कुठं दिसंना?"

इंगवलेसाहेब! तो आवाज हजारांत ओळखला असता मी. पीठ फासलं नसतं तरी पांढरा पडलो असतो.

साहेबांनी मागच्या माणसाला विचारलं, "पावणं, घरची मंडळी कुठं हायती?"

तो पावणा म्हणजे रोजावर रडायला आणलेला गडी. तो कशाला सांगतोय? त्यानं गळा काढला, "घरातला कर्ता गेला वो! काय सांगू!"

"च्च च्च! सरा बाजूला. मला खांदा देऊ द्या." साहेबांनी पायताण काढलं आणि तिरडीखाली शिरले. सहा फुटी माणूस हो! माझी उजवी बाजू एकदम वर गेली आणि मी डावीकडं घसरायला लागलो. दोरी होती म्हणून, नाहीतर गडगडत थेट नदीत!

खालच्या पायरीवर तिरडी ठेवली. साहेब म्हणाले, "तोंड तरी बघू दे म्हाताऱ्याचं." त्यांचा श्वास माझ्या कपाळावर लागला. आणि मग अशी किंकाळी, की घाटावरची कबुतरं उडाली.

"आरं देवा! चुलता कुठला, म्हादबाच गेला की रं!"

साहेब धाडदिशी गुडघ्यावर बसले. खालून डायरेक्टरांचा आवाज, "वा! चालू ठेवा, चालू ठेवा!" पण साहेबांना कशाचंच भान नव्हतं.

"डोकं शिणलंय म्हणत हुतास रं लेकरा, आणि मी हसलो! आख्ख्या कचेरीत तुझ्यागत मोडी कोण वाचत न्हाय. पर तोंडावर कवा चांगलं म्हटलो न्हाय तुला. दिली असती रं रजा, पोरा, म्हैनाभर दिली असती!"

आता मात्र कमाल झाली. अकरा वर्षांच्या नोकरीत त्या तोंडातून माझ्याबद्दल एक बरा शब्द निघाला नव्हता, आणि आज हे? मला भडभडून आलं. साहेबांचा एक आसू माझ्या नाकावर पडला, आणि माझ्या मिटलेल्या डोळ्यातून एक माझा गालावर आला. साहेबांनी तो उपरण्यानं पुसला. लगेच दुसरा आला. साहेबांचा हात थांबला.

आता ते भुताच्या भीतीनं ओरडणार आणि माझा चान्स जाणार! ओठ न हलवता मी पुटपुटलो, "साहेब, जिता हाय मी. शूटिंग चाललंय. वरडू नका."

एवढा थोराड माणूस, पण त्यांचं तोंड उघडलं ते मिटेचना. पापणी किलकिली करून बघितलं, तर चेहरा आधी पांढरा, मग लाल, मग जांभळा. आणि मग दोन्ही हातांनी स्वतःचं कपाळ बडवत, छाती पिटत सुरू झाले.

"हलकटा! भाड्या! तुझ्यापायी कचेरीला कुलूप लावून आलोय मी! अनवाणी खांदा दिलाय! ऊठ! न्हाय, उठू नगंस, पडून ऱ्हा! उद्या ये कचेरीत, ह्याच तिरडीवरनं घरी धाडतो तुला!"

"कट!" डायरेक्टर धावत आले आणि साहेबांना त्यांनी मिठीच मारली. "काय रडलाय गडी! कुठनं आणला रं ह्याला?" साहेबांनी वळून बघितलं. देवळाच्या आडून क्यामेरा त्यांच्याकडं टक लावून बघत होता. पायताण हातात घेऊन ते तसेच चालत गेले.

दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून कचेरीत गेलो. नोकरी गेलीच, हे धरून चाललो होतो. साहेबांच्या खोलीत बघतो तर डायरेक्टर खुर्चीवर बसलेले!

"साहेब, परवा चितेचं काम हाय," ते हात जोडून सांगत होते. "काल छाती पिटणारा माणूस चितेजवळ दिसाय नको? न्हायतर लोक म्हणतील, एवढा रडला आणि गेला कुठं?"

"छे छे, आमाला कसलं जमतंय," साहेब म्हणाले आणि मिशीवरनं हात फिरवला. मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "म्हादबा, परवा मी न्हाय. तू हिथं सांभाळ."

"आणि माझं काम?" मी डायरेक्टरांना विचारलं.

"चितेवर नुसती लाकडं रचायची हायत. तुझं काम संपलं."

नोकरी तेवढ्यापुरती वाचली, कारण ती काढायला साहेबांना सवड नव्हती. त्यांना धोतराला इस्त्री करून घ्यायची होती. पण कधी आठवण होईल आणि गळ्यावर सुरी फिरेल, या धास्तीत पुढचे सहा महिने काढले.

सिनेमा लागला. पहिल्याच दिवशी बायकोला घेऊन गेलो. मागच्या रांगेत साहेब, सहकुटुंब. तिरडी पडद्यावर आली आणि बायकोनं मंगळसूत्र घट्ट धरलं.

"अवो! ही तुमची कुस्ती व्हय?"

तिची समजूत घालेपर्यंत साहेबांचं तोंड पडदाभर झालं. माझं म्हणाल तर, त्यांच्या उपरण्याआडून नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता. साहेब कपाळ बडवत होते, आणि आवाज भरला होता कुणातरी हळव्या गळ्याच्या माणसाचा, "दादा, आमाला सोडून कुठं गेलास रं!" अख्खं थेटर हुंदके द्यायला लागलं. पण ओठ? ओठ 'हलकटा, भाड्या' म्हणत होते! हजारभर माणसांत ते मला एकट्याला कळत होतं.

बायको पदरानं डोळे पुसत म्हणाली, "किती जीव हाय वो साहेबांचा तुमच्यावर!"

मी मागं वळून बघितलं. साहेब स्वतः ढसाढसा रडत होते! मला वाटलं, हीच वेळ. आता माफी मागितली तर नोकरीची टांगती तलवार कायमची जाईल.

"साहेब," मी हळूच म्हणालो, "त्या दिवशीचं पोटात घाला."

पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "गप रं. काय गुणाचा माणूस गेला!"

"साहेब, त्यो मीच की!"

साहेबांनी उपरण्यात नाक शिंकरलं.

"ठावं हाय मला. उद्या सकाळी परत जिता कचेरीत येणार तू, त्याचंच रडू येतंय!"