खांदा दुखत नव्हता

हे आजवर कुणालाही सांगितलेले नाही — पत्नीलाही नाही. रोज पूजेच्या शेवटी देवाकडे ‘सर्व अपराधांची’ क्षमा मागतो आणि त्या सोयीच्या शब्दांआड हा एक लपवतो. स्वतःचा किती वैताग यावा माणसाला?

भवानी पेठेतल्या एका लहान धर्मादाय दवाखान्याचा मी विश्वस्त. त्याआधी आयुष्यभर संस्कृत शिकवले. हाडांचे डॉक्टर आमच्याकडे आठवड्यातून एकदाच येत. म्हणून त्यांनी परिचारिकांपासून सफाईच्या बाईपर्यंत सर्वांना शिकवायचे ठरवले — मोडलेल्या हाताला फळी कशी बांधावी, प्लास्टरनंतर नख दाबून रक्त परतते का ते कसे पाहावे. सरावासाठी हात हवा होता. मी दिला. दोघी परिचारिकांनी तो बांधला, सोडला, नखे दाबली. मग नागव्वा पुढे आली.

ती संडास धुते. हात साबणाने धुऊन आली होती — मी पाहिले होते. तरीही मी हात मागे घेतला. “खांदा दुखतोय, आज पुरे,” म्हणालो. सोवळ्यात होतो का? नाही. मग काय? लिहितोच — मला तिचा स्पर्श नको होता.

पुढचा वर्ग भरलाच नाही.

महिन्याभराने यंत्रमागावरचा एक कामगार हाताला प्लास्टर घालून खाटेवर होता. त्या पाळीला एकच परिचारिका होती, ती बाळंतिणीपाशी अडकली. त्याच्याजवळ नागव्वा एकटी. “लई आवळतंय,” तो म्हणत राहिला. तिने उशी दिली, पाणी पाजले, पदराने वारा घातला. बोटे काळवंडली — त्याचा अर्थ तिला कुणी सांगितला होता? संध्याकाळी प्लास्टर कापले तेव्हा उशीर झाला होता. त्या हाताची मूठ आजही वळत नाही.

बैठकीत सगळे तिच्यावरच उखडले. “एवढं शिकवून काय उपयोग यांना!”

“मला कुटं शिकवलं, साहेब?” नागव्वा म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “सर, त्या दिशी तुमचा खांदा दुखत हुता की. म्हणून ऱ्हायलं माझं. सांगा की यास्नी.”

तिचा त्या खांद्यावर विश्वास होता! आणि मी — आयुष्यभर मुलांना सत्य बोला म्हणून सांगणारा — काय म्हणालो?

“मला आठवत नाही.”

रुग्णांजवळ जायची तिला बंदी झाली. ती आता फक्त संडास आणि फरशी पाहते. मी येताना दिसलो की बादली उचलून भिंतीला चिकटून उभी राहते, मला वाट मोकळी करून देते.

मी त्या वाटेने जातो.