दाजींचा ब्रेक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही दाजींना ओळखत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे लातूरकडचे. चाकणच्या एका कंपनीत असेंब्ली लाइनवर होते, राहायला रहाटणीत, आमच्याच गल्लीत. मी नवी मोटारसायकल घेतली तेव्हा चऱ्होलीच्या मोकळ्या रस्त्यावर मीच त्यांना तिचे ब्रेक समजावले. म्हणालो, "दाजी, हिला एबीएस आहे. चाक जाम व्हायला लागलं की सेन्सरला कळतं. मग ब्रेक आपोआप सुटतो, परत लागतो – डोळ्याचं पातं लवायच्या आत कितीदा तरी. चाक फिरत राहतं, म्हणून गाडी घसरत नाही. तुम्ही बिनधास्त दाबा."

त्यांनी दाबला. बोटांखाली लिव्हर थरथरली, गाडी सरळ थांबली. "लई भारी की!" म्हणून किती हसले.

पुढचं – कसं सांगू? घरीच ब्रेक पॅड बदलताना पुढच्या चाकाच्या सेन्सरची वायर माझ्या हातून तुटली. एबीएस बंद पडलं. मीटरवरचा पिवळा दिवा विझेना. साधा ब्रेक लागत होता, मग गॅरेजला जायची घाई कशाला? दिवा डोळ्यांत खुपायचा, म्हणून त्यावर काळी टेप चिकटवली.

एका सकाळी दाजींची कंपनीची बस चुकली. त्यांनी चावी मागितली, मी दिली. सांगायचं आठवलं नाही का? आठवलं. ते जिना उतरत होते तेव्हाच आठवलं. हाक मारायचा कंटाळा केला.

मोशीच्या पुढे एक टेम्पो आडवा आला. दाजींनी ब्रेक दाबला – मी शिकवला होता तसाच, बिनधास्त. रस्त्यावर खडी होती. पुढचं चाक जाम झालं, गाडी घसरून आडवी झाली. गुडघ्याचा चुरा झाला. लाइनवर उभं राहणं संपलं, नोकरीही गेली.

गाडी आणायला मी गेलो आणि कुणी बघायच्या आत टेप काढून खिशात घातली.

दवाखान्यात ताईने विचारलं, "अरे, एवढे चांगले ब्रेक, मग हे पडलेच कसे?" दाजी समोर खाटेवर होते, जागे. मी म्हणालो, "घाबरून हँडल वळवलं असेल."

"व्हय, माझंच चुकलं असंल," दाजी म्हणाले. "तुझी गाडी मोडली बघ." माफी मागितली त्यांनी – माझी!

ताई अजून त्यांना ऐकवते. ते मान खाली घालतात. मी तिथेच जेवत असतो.

परवा भाचीला, पूर्वाला, शिकाऊ लायसन्स मिळालं. ताई म्हणाली, "गाडी मामाकडनं शिक. बाबांना काही विचारू नकोस." दाजी दारातच उभे होते. मी पूर्वाला "चल" म्हणालो आणि त्यांच्या शेजारून खाली उतरलो.