कात्रीने काय ठेवलं

आमच्या ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणायचे. तोंडावरच म्हणायचे, आणि तीही ओ द्यायची. नाव पाडलं मी. अठरा टोप्या कापल्या गेलेल्या माणसाला तेवढा हक्क असतो.

टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस. खाली दिवसभर हवा भरण्याचा फुसफुसाट आणि वर आम्ही व्हिडिओ गेम बनवणारे. साहेब मालक. त्यांचा जावई प्रोग्रॅम लिहायचा, म्हणून त्याला सगळे जावईबापू म्हणायचे. मी चित्रं काढायचो. कात्री आली तेव्हा तिने आधी कुठे काम केलं होतं हे ऐकून मी मनापासून हसलो होतो. बाईसाहेब वॉशिंग मशीनच्या कंपनीतून आल्या होत्या. मशीनवर कुठलं बटण कुठे बसवायचं, हे ठरवायचं काम.

"चोवीस प्रकारे कपडे धुता येतात त्या मशीनमध्ये," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "मीच बसवलेत चोवीसच्या चोवीस. आणि माझ्या आईने घरच्या मशीनवर एका खुणेपाशी नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. म्हणते, बाकीचे तेवीस तुझ्या साहेबांना धुवायला ठेव."

ती नोकरी चांगली होती, पक्की होती. ती सोडून ही आमच्याकडे आली ती एक खेळ डोक्यात घेऊन. एकदा भर बाजारात तिने एक माणूस पाहिला होता. अंगाएवढी काच घेऊन गर्दीतून चालला होता. अख्खा रस्ता श्वास रोखून त्याच्याकडे बघत होता. "आणि तो करत काय होता?" ती आम्हाला विचारायची. "काही नाही. फक्त वेळेवर थांबत होता."

बस, एवढाच खेळ. काच घेतलेला माणूस आपणहून चालतो. बटण दाबून धरलं की थांबतो, सोडलं की पुन्हा चालू लागतो. शेवटच्या गल्लीच्या टोकाला एक रिकामी खिडकी आहे, तिथे काच बसवायची.

साहेबांना कल्पना फार आवडली, आणि तिथेच घात झाला. साहेबांना एखादी गोष्ट आवडली की ते म्हणतात, "थोडं अजून टाकूया." मग माणूस पळायला लागला. मग उडी मारायला लागला, वाकायला लागला. जावईबापूंनी काचेची जाडी निवडायची सोय केली. नकाशा आला. दमल्याचं माप आलं. मी तरी कसा मागे राहीन? त्या माणसाच्या डोक्यावर घालायला मी टोप्या काढल्या. पिसाची, झालरीची, कान झाकणारी, एक तर नुसत्या वेताची, आणि प्रत्येकीची सावली वेगळी. खोटं कशाला बोलू, इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. बघता बघता खेळाला अकरा बटणं झाली.

मग लोकांना बोलावून खेळायला बसवायला लागलो. कोणीही पहिली गल्लीसुद्धा पार करेना. त्याहून वाईट म्हणजे आम्ही त्यांना गप खेळूही देत नव्हतो. जावईबापू त्यांच्या खांद्यावरून वाकून, "तिकडून नाही, तिकडून नाही! निळं दाबा, निळं!" मी दुसऱ्या बाजूने, "आधी टोपी बदला ना." पाहुणा बिचारा घाम पुसत उठायचा आणि म्हणायचा, "छान आहे हो." त्या 'छान'चा काय अर्थ असतो ते आमच्या धंद्यात सगळ्यांना कळतं.

एकदा कात्रीचा संयम सुटला. "तुम्ही काय घरोघरी जाऊन प्रत्येकाच्या मानेवर वाकून सांगणार आहात?" असं म्हणून तिने पाण्याने भरलेले पेले आणले आणि आमच्यापुढे ठेवले. त्या दिवसापासून नियम झाला. पाहुणा खेळायला बसला की ज्यांनी खेळ बनवला त्यांनी तोंडात पाण्याचा घोट घ्यायचा. पाहुणा उठेपर्यंत गिळायचा नाही. मला ती शिक्षा वाटली. गाल फुगवून बसायचं आणि समोर आपल्या खेळाचे धिंडवडे निघताना बघायचे. पण तोंड बंद झालं की डोळे उघडतात, हे मात्र मला मान्य करावं लागतं. लोक कुठे अडतात, कुठे कंटाळतात, कुठे बटणावरून हात मागे घेतात, सगळं लख्ख दिसायचं.

तिच्या कापण्याचीही एक पद्धत होती. भांडण नाही, वाद नाही. एखादी गोष्ट कोणाला न सांगता काढून टाकायची आणि वाट बघायची. कोणाला तिची आठवण आली, कोणी विचारलं, तर मुकाट्याने परत ठेवायची. नाही विचारलं तर गेली. उडी गेली, कोणी विचारलं नाही. नकाशा गेला. जाडी गेली. आणि एका सकाळी बघतो तर माझा माणूस बोडका!

"टोप्या कुठायत?" मी ओरडलो.

"तुम्ही सोडून कोणी विचारलं नाही, दादा."

"मी कोणी नाही का?"

"तुम्ही त्या काढल्यात. आईला सगळीच मुलं हवी असतात."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आठवडाभर मी तिच्याशी बोललो नाही. कापलेल्या खेळाला हात लावायचा नाही अशी मी शपथच घेतली आणि ती पाळली. जावईबापूही फुरंगटले होते. त्यामुळे आपला खेळ तिने एकटीनेच जुळवत आणला.

साहेबांचा जीव दोन्हीकडे अडकलेला. शेवटी त्यांनी तोडगा काढला. शहरात खेळ बनवणाऱ्यांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथे दोन टेबलं मांडायची. एकावर कापाकापीच्या आधीचा अकरा बटणांचा खेळ, दुसऱ्यावर एका बटणाचा. लोक ज्याच्यामागे लागतील तो बाजारात जाईल. दुसरा पुसून टाकायचा.

"आणि माझा पुसला गेला तर मी परत वॉशिंग मशीनकडे," कात्री म्हणाली. हसत म्हणाली, पण आवाज हसत नव्हता. या एका खेळासाठी तिने सगळं सोडलं होतं आणि दुसरा खेळ तिच्या डोक्यात नव्हता.

त्याच सुमारास ती माझ्या टेबलापाशी आली. "दादा, एक चित्र हवंय. गल्लीतली आपल्या बाजूची घरांची रांग. म्हणजे खेळणारा जिथे उभा राहून बघतो ना, ती बाजू. आरशात दिसते तशी उलटी. त्यात आपला माणूसही हवा, समोरून."

"आणि तेही कापणार ना?"

"बघू," ती म्हणाली.

बघू म्हणाली! मग मीही पेटलो. असं चित्र काढीन की कापताना हात थरथरला पाहिजे. विटा काढल्या, दोरीवरचे कपडे काढले, पायरीवरचं मांजर काढलं. आणि अगदी मधोमध, निव्वळ तिला खिजवायला, एक टोप्यांचं दुकान काढलं. त्याच्या काचेत माझ्या अठराही टोप्या टांगल्या. चित्र तिच्यापुढे ठेवलं. तिने बराच वेळ बघितलं, "हं" म्हणाली आणि घेऊन गेली. ते दुकान उडणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी मी अर्थातच अकरा बटणांच्या टेबलापाशी. आमच्याकडे पाण्याचा नियम नव्हता, बोलायची मुभा होती. जावईबापूंनी बटणांचा मोठा तक्ता मागे लावला होता. कात्री पलीकडच्या टेबलामागे गाल फुगवून बसली होती. ना फलक, ना सूचना. मला तिची थोडी कीवच आली.

सकाळी आमच्याकडे गर्दी झाली. लोक तक्ता वाचायचे, टोप्या बघायचे, "चित्रं काय सुंदर आहेत!" म्हणायचे. मी फुललो होतो. पण दहा पावलं पलीकडून मधूनच एक आवाज यायला लागला. आधी खळ्ळकन काच फुटायची. मग हशा. आणि मग कोणीतरी म्हणायचं, "अच्छा!" पुन्हा खळ्ळ, पुन्हा हशा, पुन्हा "अच्छा!" दुपार होईतो तिच्या टेबलापाशी रांग लागली आणि आमचे लोक तक्ता वाचता वाचता मान वळवून तिकडे बघायला लागले.

तेवढ्यात दाढीवाला आला. खेळणाऱ्यांच्या जगात त्याला सगळे ओळखत. महिनोन् महिने चालणारे अवघड खेळ त्याने तोंडपाठ केलेले. तो आधी आमच्याकडे बसला. मी सांगायच्या आत त्याने अकराच्या अकरा बटणांवरून बोटं फिरवली. पळाला, वाकला, टोपी बदलली. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. त्याने हात खाली ठेवले आणि माझ्याकडे बघितलं.

"सगळं येतंय मला," तो म्हणाला. "पण करायचं काय?"

मी मागच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. तो उठून पलीकडे गेला.

"एकच बटण?" तो रांगेत मोठ्याने म्हणाला. लोक हसले. कात्रीने नुसत्या भुवया उंचावल्या. तो बसला आणि पहिल्या दोन गल्ल्या त्याने सहज पार केल्या. मग शेवटच्या गल्लीत अडकला. तिथे खरी मेख आहे, ती मला तेव्हा दिसली. आपण थांबलो की मागचाही थांबतो, सायकलवाला वळसा घालतो, वरच्या खिडकीतली बाई सतरंजी झटकते. थांबण्यानेच पुढची गर्दी होते. म्हणजे नुसतं थांबून भागत नाही, कोणासाठी थांबायचं आणि कोणासाठी नाही हे ठरवावं लागतं. एका बटणात तिने अख्खा बाजार कोंबला होता.

खळ्ळ. पुन्हा. खळ्ळ. दाढीवाला हट्टाला पेटला. मागे लोक वाढत गेले. कोणी हळूच म्हणालं, "आत्ता नको, आत्ता नको," तर चारजणांनी त्याला गप्प केलं. मी माझं टेबल कधी सोडलं मला कळलं नाही. जावईबापू माझ्याआधीच तिथे पोचले होते. साहेब टाचा उंचावून बघत होते. सतरंजी झटकली गेली, सायकल गेली, माणूस थांबला. अजून थांबला. सगळं दालन त्याच्याबरोबर थांबलं होतं. दाढीवाल्याने बोट उचललं.

माणूस खिडकीशी पोचला. चौकटीत काच बसली. आणि इतका वेळ कोरी असलेली ती काच उजळली.

काचेत, आरशात दिसावी तशी, माझी गल्ली होती. विटा, दोरीवरचे कपडे, पायरीवरचं मांजर, आणि सबंध खेळभर पाठमोरा असलेला तो माणूस, पहिल्यांदाच समोरून, घामेजला आणि खूश. त्याच्या मागे टोप्यांचं दुकान. अठराच्या अठरा.

"अरे, त्या टोप्या बघा!" कोणीतरी ओरडलं.

मग जो कल्ला झाला तो मी काय सांगू! अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. दाढीवाला दोन्ही हात वर करून उभा होता. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. माझं काम आजवर शेकडो लोकांनी बघून "सुंदर" म्हटलं असेल, पण ते बघायला कोणी जिवाचा असा आटापिटा केला नव्हता.

साहेब गर्दीतून वाट काढत कात्रीपाशी आले. तिला हसू आवरेना आणि तोंडात अजून पाणी. व्हायचं तेच झालं. साहेबांचा सदरा छातीपासून पोटापर्यंत भिजला.

"हाच!" साहेब सदरा पुसत ओरडले. "हाच बाजारात जाणार! फक्त थोडं अजून..."

कात्रीने त्यांच्याकडे बघितलं. जावईबापूंनी बघितलं. मीही बघितलं. आणि साहेब थांबले.

आज तो खेळ कुठल्या कुठे पोचलाय. कात्रीच्या आईनेही तो पार केला, आणि नेलपॉलिशचा ठिपका लावायला जागाच नाही म्हणून तक्रार केली. कात्री परत वॉशिंग मशीनकडे गेली नाही. सध्या माझ्या एका नव्या चित्रातली झाडं कमी करतेय. एखादी टोपी त्या माणसाच्या डोक्यावर चालली असती, असं मला अजूनही वाटतं आणि मी ते तिला अधूनमधून ऐकवतो.

त्या दिवशी सामान आवरताना मात्र मी तिला विचारलं होतं, "ते दुकान का ठेवलंस गं? मी तुला चिडवायला काढलं होतं."

"कळलं होतं मला," ती तार गुंडाळत म्हणाली. "म्हणून आधी काढूनच टाकलं होतं."

"मग?"

"मग काय, दोन दिवस चैन पडेना. मलाच आठवण आली."